तुझा स्क्रीन मागे पडतो

हेल्मी आमच्या लोकरीच्या गिरणीत फोटोंचं काम करते. मी लोकर रंगवते, ती त्या लोकरीचे फोटो काढते, कॉम्प्युटरवर त्यांचे रंग जुळवते आणि वेबसाइटवर चढवते. ऐकायला सोपं वाटतं. पण ओहायोतली एखादी बाई घरबसल्या स्वेटरसाठी लडी मागवते, तेव्हा ती माझा रंग बघून मागवत नाही, हेल्मीचा बघून मागवते. वेबसाइटवर जो लाल दिसला तोच लाल खोक्यातून निघायला हवा. नाहीतर खोकं परत येतं आणि बरोबर जी चिठ्ठी येते ती मालकीणबाई आम्हाला मोठ्याने वाचून दाखवतात.

हे काम ती हॅनकॉकमधल्या आपल्या घरी, वरच्या खोलीत बसून करायची. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक स्क्रीन. दिवसभर त्यावर लोकर. आणि मंगळवारी, गुरुवारी संध्याकाळी तिचा भाऊ.

भाऊ म्हणजे आर्वो. तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. कॅल्युमेटला राहतो आणि हिवाळाभर काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवतो. शाळेला बर्फाची सुट्टी मिळाली की ही दोघं लहानपणी टीव्हीसमोर एकच गोधडी पांघरून खेळत बसायची. ती सवय पुढे सुटलीच नाही. हेल्मी लग्न करून मिनिआपोलिसला गेली, तरी खेळ चालू. लग्न मोडून परत आली, तरी चालू. त्यांचा खेळ जोडीने खेळायचा होता. दोघांनी मिळून एका ओसाड शहरात उतरायचं आणि बाकीच्या जोड्यांना शोधून टिपायचं. हेल्मी पुढे, आर्वो तिच्या पाठीशी. जोडीत तिसऱ्याला जागाच नाही.

मागच्या उन्हाळ्यात आर्वोने लग्न केलं. मुलगी एस्कनाबाची, नाव कोलेट, दातांच्या डॉक्टरकडे नोंदणीच्या टेबलाशी बसते. ती हसली की शेजारच्या खोलीत कळतं. लग्नात हेल्मीने तिला घट्ट मिठी मारली होती, मी पाहिलंय. तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं.

मग आधी कोलेटचं हसणं हेडफोनमधून मागे कुठेतरी ऐकू यायला लागलं. मग एक गुरुवार चुकला. मग आणखी एक. आणि नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी आर्वोने "आज फार दमलोय गं" असा निरोप पाठवला. हेल्मीने सहज खेळ उघडून पाहिलं, तर यादीत त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आणि त्याला चिकटून कोलेटचं नाव.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला.

"दमला होतास ना?"

"हो... म्हणजे नंतर जरा बरं वाटलं."

"कोलेट कधीपासून खेळायला लागली?"

"शिकतेय अजून."

"शिकू दे की. पण मंगळवार होता, आर्वो."

तो म्हणाला, "खरं सांगू का, हेल्म? तुझा स्क्रीन मागे पडतो. समोरचा माणूस तुला दिसेपर्यंत त्याने गोळी झाडलेली असते. तुझी काही चूक नाही त्यात. म्हातारा झालाय तो स्क्रीन."

"आणि कोलेटचा?"

"कोलेटचा... ठीक आहे तिचा."

आर्वो जे "ठीक आहे" म्हणाला, त्यातून हेल्मीने काय काय काढलं ते मला दुसऱ्या दिवशी डबा खाताना ऐकायला मिळालं. लडी न्यायला ती गिरणीत येते तेव्हा आम्ही दोघी रंगाच्या खोलीतच जेवतो, तिथे ऊब असते.

"नवा घेऊन दिला असणार तिला," ती म्हणाली. "चांगला मोठा. वेगवान. मला इतक्या वर्षांत साधा हेडफोन दिला नाही त्याने."

"तू पाहिलास का तो?" मी विचारलं.

"पाहायला कशाला पाहिजे? आवाजावरून कळतं."

"स्क्रीनचा आवाज?"

"आर्वोचा आवाज, जॉइस!"

तिने सँडविच तसंच गुंडाळून ठेवलं होतं. हेल्मी जेवण टाकते म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं मला कळत होतं.

त्यानंतर महिनाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. कोणता मॉनिटर सेकंदाला किती चित्रं दाखवतो, कुठल्यात हलती वस्तू पुसट होते, कुठल्यात होत नाही. मी उकळत्या पातेल्यात लडी खालीवर करत ऐकायचे. तिचा जुना स्क्रीन आता खरोखरच थकला होता, ते मलाही मान्य होतं. एका कोपऱ्यात तो पिवळा पडला होता आणि सकाळी उजळायला वेळ घ्यायचा. नवा घ्यायचाच होता. पण कामासाठी घ्यायचा की खेळासाठी, हा प्रश्न होता, आणि तो प्रश्न ती स्वतःला विचारतच नव्हती.

डिसेंबरात आम्ही दोघी ग्रीन बे शहरात गेलो. मला बूट घ्यायचे होते. बूट पंधरा मिनिटांत झाले. बाकीची दुपार त्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

दुकानातला माणूस चांगला होता. दाढीवाला, धिप्पाड, पण हळू बोलणारा. त्याने आधी विचारलं, "कशासाठी हवाय?"

"खेळायला," हेल्मी म्हणाली.

"फक्त खेळायला?"

"रंगांचं काम करते ती," मी मध्ये बोलले. "लोकरीचे फोटो."

हेल्मीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिचं वय सांगितलं.

त्याने आम्हाला दोन स्क्रीनसमोर नेलं. शेजारी शेजारी मांडलेले, किंमत जवळपास सारखी. पहिला मोठा होता, अक्षर कोरल्यासारखं स्पष्ट, आणि रंग असे की त्याच्यावरच्या सफरचंदाला हात लावावासा वाटला. दुसरा जरा लहान, पण त्यावर एक मोटारगाडी धावत होती आणि तिच्या चाकाची काडीन् काडी दिसत होती.

"पहिल्यावर खेळता येत नाही असं नाही," तो म्हणाला. "येतं. पण तुम्ही सामने खेळत असाल तर हा दुसरा. आणि दुसऱ्यावर काम करता येत नाही असं नाही, पण रंगांचं असेल तर..." त्याने मान हलवली.

"दोन्ही गुण एकात नाही मिळत?" मी विचारलं.

"मिळतात की. तो तिकडे आहे." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. किंमत पाहून आम्ही दोघी परत वळलो.

हेल्मीच्या कोटाच्या खिशात आमच्या चोकचेरी रंगाच्या लोकरीचा छोटा गुंडा होता. चोकचेरीची फळं पिकली की काळपट लाल होतात, तो रंग साधायला मला फार त्रास पडतो. तिने त्याचा फोटो फोनवरून दोन्ही स्क्रीनवर लावून घेतला आणि गुंडा शेजारी धरला. पहिल्यावर लोकर आणि फोटो वेगळे ओळखू येईनात. दुसऱ्यावर फोटो विटेसारखा दिसला. तिने मान जरा खाली केली, तर तो जांभळा झाला.

"बघ," मी म्हटलं. "मान हलवली की रंग बदलतोय."

"मी मान हलवत नाही."

"हेल्मी."

"जॉइस, रंग मला पाठ आहेत. डोळे मिटून सांगेन. याचा वेग बघ ना तू!" तिने गुंडा खिशात कोंबला आणि त्या माणसाला म्हणाली, "दुसरा द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. "महिन्याभरात बदलून मिळेल," तो पावती देताना म्हणाला. त्याला काय कळलं होतं कोण जाणे.

परतताना गाडीत ती गुणगुणत होती. लॅन्स गावाच्या पुढे बर्फ सुरू झाला, समोरचं काही दिसेना, तरी गुणगुणत होती.

घरी पोचताच तिने स्क्रीन लावला आणि आर्वोला फोटो पाठवला. त्याचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते एवढंच: "अरे वा! कशाला एवढा खर्च केलास?"

त्या गुरुवारी तो खेळायला आला. नाही कसा म्हणेल? आणि हेल्मी म्हणते की त्या संध्याकाळी ती जशी खेळली तशी आयुष्यात खेळली नाही. समोरचा कोपऱ्यातून डोकावायच्या आत तिने टिपलेला असायचा. लागोपाठ तीन डाव जिंकले. शेवटच्या डावात आर्वो आधीच बाद झाला होता आणि हिने एकटीने उरलेल्या दोन्ही जोड्या लोळवल्या.

"पाहिलंस?" ती ओरडली. "पाहिलंस का, आर्वो?"

"पाहिलं. भारीच."

"आता फेब्रुवारीतल्या सामन्यात नाव घालूया. या वर्षी पहिले येऊ आपण."

दर फेब्रुवारीत कालव्यापलीकडे हॉटनला, युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये जोड्यांचे सामने होतात. ही दोघं दर वर्षी जायची, दर वर्षी तिसरी-चौथी येऊन परतायची आणि वाटेत कुठेतरी पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खायची.

"हेल्म," आर्वो म्हणाला, "आम्ही नाव घातलंय आधीच."

"आम्ही म्हणजे?"

"कोलेट आणि मी. तिला फार हौस आहे गं. या वर्षी फक्त."

"पण आता माझा स्क्रीन आहे की!"

तो काहीतरी पुटपुटला, उद्या पहाटे गाडी काढायचीय म्हणाला आणि गेला. हेल्मी त्या नव्या स्क्रीनसमोर बसून राहिली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं की हा वेगही कमी पडला. कोलेटकडे याहून भारी असणार.

मला हे सांगताना ती रडत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती कोलेटची नक्कल करत होती, ते हसणं, ते "अगं बाई, मेलेच मी!" करून ओरडणं. नक्कल इतकी हुबेहूब होती की मला हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली.

तेवढ्यात जानेवारीत दुसरंच निघालं. नव्या रंगांची लोकर वेबसाइटवर चढून पंधरा-वीस दिवस झाले असतील, तर खोकी परत यायला लागली. "गोठलेला कालवा" नावाचा माझा एक राखी निळा रंग आहे. तो लोकांना वेबसाइटवर हिरवट दिसला होता. चोकचेरी तर चक्क गुलाबी. विस्कॉन्सिनच्या एका बाईने लिहिलं होतं, "मी नवऱ्यासाठी स्वेटर करतेय, बार्बीसाठी नाही." मालकीणबाईंनी ते दोनदा वाचलं.

मग त्यांनी हेल्मीला बोलावून घेतलं. मी तिथेच होते, कारण आधी त्यांना वाटलं होतं की रंग माझा चुकला.

"हेल्मी, तुझे डोळे तपासून घेतलेस का इतक्यात?"

"डोळे ठीक आहेत."

"मग?"

हेल्मी जमिनीकडे बघत म्हणाली, "स्क्रीन नवीन आहे."

"नवीन घेतलास तर काम बिघडलं? मग कशाला घेतलास?"

खरं कारण मालकीणबाईंना सांगण्यासारखं नव्हतं. सगळे फोटो नव्याने करून दे, एवढं बोलून त्या गेल्या. हेल्मी इतकी वर्षं काम करतेय, तिच्यामुळे अशी खोक्यामागून खोकी कधी परत आली नव्हती. गिरणीच्या दारात बूट चढवताना ती मला म्हणाली, "हे सगळं तिच्यामुळे."

"कोलेटने काय केलं यात?"

"तू तिचीच बाजू घे."

"मी तुझीच बाजू घेतेय, वेडे. तिच्या घरी जा आणि तिचा तो स्क्रीन एकदा बघून ये. नाहीतर तू अशीच जळत राहशील आणि मला वर्षभर गुलाबी चोकचेरी बघावी लागेल."

ती गेली. शनिवार होता. शनिवारी आर्वोकडे सौना, म्हणजे वाफेने शेकायची लाकडी खोली, तापवतात, हेल्मीला आमंत्रण कायमचंच असतं, पण लग्नानंतर ती काही ना काही कारण काढून टाळत होती. त्या दिवशी न सांगता गेली. कोलेटने दार उघडलं, हाताला पीठ, आणि आतल्या दिशेने ओरडली, "आर्वो, बघ कोण आलंय! पास्ट्या वाढव रे!"

आर्वो मागे सौन्यात लाकडं घालत होता. हेल्मीने कोट काढला, इकडचं तिकडचं दोन वाक्यं बोलली आणि विचारलं, "तू खेळतेस कुठे बसून?"

"ये ना, दाखवते. पण हसू नकोस हं."

झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात, शिवणयंत्राच्या टेबलावर तो स्क्रीन होता. हेल्मी बघतच राहिली. दातांच्या डॉक्टरने ऑफिसातून काढून टाकलेला, हेल्मीच्या जुन्यापेक्षाही जुना, लहानसा, चौकोनी. कडेला दवाखान्याच्या वेळांचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं. मधोमध एक बारीक हिरवी रेघ आडवी गेलेली.

"ही रेघ?" हेल्मीने विचारलं.

"ती आहेच. मी तिला क्षितिज म्हणते." आणि कोलेट हसली.

हेल्मीला वाटलं, आपल्याला कुणीतरी थंड पाण्यात ढकललं. या असल्या खोक्यावर खेळून ही आर्वोला पसंत पडते, म्हणजे ही किती तरबेज असेल! दोन महिने ती स्क्रीनवर जळत होती, आता तेवढंही कारण उरलं नाही. ती म्हणाली, "खेळूया का एक डाव? तू आणि मी, समोरासमोर."

"माझ्याशी? अगं, मी काय..."

"एकच. तू आर्वोच्या कॉम्प्युटरवर बस, मी तुझ्या कॉम्प्युटरवर बसते."

कोलेटने हात पुसले. आर्वोची जागा बाहेरच्या खोलीत होती, दार उघडं ठेवलं की एकमेकींचं बोलणं ऐकू येत होतं. डाव सुरू झाला. हेल्मीने श्वास रोखला. हिरव्या रेघेच्या वर शहर, खाली रस्ता. कोलेट समोरच्या गल्लीतून आली, उघड्यावरून, सरळ चालत, भिंतीचा आडोसासुद्धा न घेता. हेल्मीने गोळी झाडली.

"अगं बाई, मेलेच मी!"

पुन्हा. यावेळी कोलेट पायऱ्यांवर अडकली, तिला उडी मारता येईना. हेल्मीने तिला तिथेच टिपलं. तिसऱ्या वेळी कोलेटने स्वतःच्याच पायाशी बॉम्ब टाकला. हेल्मीला गोळीसुद्धा झाडावी लागली नाही.

ती बाहेर आली तेव्हा आर्वो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, बुटांना बर्फ, हातात लाकडं. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"तिला खेळता येत नाही," हेल्मी म्हणाली.

"हेल्म..."

"अजिबात येत नाही! आणि तो स्क्रीन! तू मला म्हणालास माझा मागे पडतो. मी ग्रीन बेला जाऊन नवा आणला, आर्वो. माझं काम बिघडलं त्याच्यापायी. मालकीणबाईंनी मला डोळे तपासायला सांगितले!"

कोलेट खुर्चीतून वळली. "काय? आर्वो, काय सांगितलंस तू हिला?"

"काही नाही."

"तू हिला सांगितलंस की हिचा स्क्रीन खराब आहे?"

त्याने लाकडं खाली ठेवली. एकेक करून, हळू. मग म्हणाला, "स्क्रीनचं काही नव्हतं. मला कोलेटबरोबर खेळायचं होतं. हे तुला कसं सांगायचं ते कळेना."

"पण ती वाईट खेळते!"

"फार वाईट खेळते."

"ऐकू येतंय मला," कोलेट म्हणाली.

"आम्ही हरतो," आर्वो म्हणाला. "रोज हरतो. आणि हसून हसून पोट दुखतं माझं. तुझ्याबरोबर खेळताना मी अजून सात वर्षांचा असतो, हेल्म. कुठे उभं राहायचं ते तू सांगतेस. चुकलो की तू काही बोलत नाहीस, नुसता श्वास सोडतेस. हेडफोनमध्ये तो कानात येतो. दुसऱ्या दिवशी गाडी चालवतानाही येतो."

हेल्मी मला म्हणाली, त्याने मला शिवी दिली असती तर परवडलं असतं. तिने जिंकून दाखवलं होतं. भावजयीच्या घरात, भावजयीच्याच फुटक्या स्क्रीनवर, तीनदा. आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आर्वोला चांगली जोडीदार नको होती, त्याला त्याची बायको हवी होती. याच्याविरुद्ध कुठलं यंत्र विकत घेणार?

ती सौना न घेता, न जेवता निघाली. कोलेट मागे धावत आली, पायात नुसते मोजे, आणि फडक्यात बांधलेली पास्टी गाडीच्या खिडकीतून आत टाकून गेली. हेल्मीने ती घरी गेल्यावर उभ्याउभ्या खाल्ली आणि ती चांगली झाली होती, याचाही तिला राग आला.

पुढचा आठवडा ती आर्वोचा फोन घेत नव्हती. महिना संपत आला होता, स्क्रीन बदलायचा तर आताच. मी येऊ शकत नव्हते, माझी पातेली चढलेली होती. शुक्रवारी हेल्मी गाडीत खोकं ठेवत असताना कोलेट येऊन उभी राहिली. सुट्टी काढून, थर्मासमध्ये कॉफी घेऊन.

"आर्वोने पाठवलं का?" हेल्मीने विचारलं.

"आर्वोला माहीत नाही. तो घाबरतो तुला. मी नाही घाबरत." मग म्हणाली, "जरा घाबरते. पण रस्ता खराब आहे, एकटीने जाऊ नकोस."

चार तासांचा रस्ता. तासाभराने कोलेटने थर्मासमधली कॉफी ओतून तिला दिली. मग म्हणाली, "मी हा खेळ का शिकले, सांगू? आर्वोची प्रत्येक गोष्ट 'मी आणि हेल्मी' पासून सुरू होते. मी आणि हेल्मी लहान होतो तेव्हा. मी आणि हेल्मीने त्या वर्षी. लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. मंगळवारी, गुरुवारी तो दार लावून आत बसायचा आणि मी बाहेर भांडी घासत त्याचं हसणं ऐकायची. माझी आग व्हायची नुसती. शेवटी म्हटलं, असं काय आहे त्या खोलीत, आपणही बघूया."

"मग आता बघितलंस."

"हो. आणि बाहेर यायचं नाहीये मला," कोलेट म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

हेल्मी मला म्हणाली की त्या क्षणी तिला कोलेटला गाडीतून उतरवून द्यावंसंही वाटलं, आणि तिच्याइतकं खरं आपल्याशी वर्षभरात कुणी बोललं नाही, असंही वाटलं. ती गाडी चालवत राहिली.

दुकानात तोच दाढीवाला होता. त्याने काही विचारलं नाही, नुसता पहिल्या स्क्रीनकडे चालायला लागला. हेल्मीने पुन्हा लोकर लावून पाहिली. कोलेटने तिच्या मागे उभं राहून मान डावीकडे केली, उजवीकडे केली, खाली वाकून पाहिलं, वरून पाहिलं.

"हलत नाही गं रंग," ती म्हणाली. "हाच घे. खेळायला जरा हळू असेल, पण तू हळू स्क्रीनवरही सगळ्यांना मारशील. माझ्या क्षितिजावर मारलंसच की."

हेल्मीने तोच घेतला. वेगवान स्क्रीन काउंटरवर परत ठेवताना तिचा हात जरा रेंगाळला, असं कोलेटने नंतर आर्वोला सांगितलं. हेल्मी म्हणते, काही रेंगाळला नाही.

फोटो सगळे नव्याने झाले. खोकी परत यायची थांबली. फेब्रुवारीतल्या सामन्यात आर्वो आणि कोलेट पहिल्याच फेरीत बाहेर पडले. हेल्मी पाहायला गेली नव्हती, पण निकाल तिने घरून पाहिला आणि त्या दिवशी जेवताना माझ्या डब्यातला केकही अर्धा तिनेच संपवला. संध्याकाळी मात्र तिने आर्वोला फोन केला. "पायऱ्यांवर उडी कशी मारायची ते तिला नीट शिकव," एवढंच बोलली. तो म्हणाला, "तूच शिकव ना. गुरुवारी." ती म्हणाली, "बघू."

ते 'बघू' मार्च संपेपर्यंत चाललं. एप्रिलात एका गुरुवारी ती आर्वोबरोबर खेळली. कोलेट त्या संध्याकाळी बहिणीकडे एस्कनाबाला गेली होती. दोन डाव हरले, एक जिंकले. पूर्ण वेळ हेल्मीने ओठ मिटून ठेवले होते, असं ती स्वतः म्हणते. आता महिन्यातून एकदा असं जमतं.

मंगळवार मात्र आर्वो आणि कोलेटचाच राहिला. मी तिला विचारलं, आता बरं वाटतं का? तिने हातातली लड झटकून सरळ केली.

"मंगळवारी मी तो खेळ उघडत नाही," ती म्हणाली. "उघडला की ते दोघं दिसतात. आणि दिसले की मला अजून होतं काहीतरी इथे." तिने छातीखाली बोट टेकवलं. मग लड उजेडात धरून म्हणाली, "हा हिरवा जरा जास्त झालाय, जॉइस."

झाला होता खरा. मी पातेलं पुन्हा चढवलं.